दवा आणि दिलासा

(दहावीनंतर कोणती शाखा निवडावी, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यापुढे असतो. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या दोन व्यवसायांची ओळख या पाठात करून दिली आहे. हे दोन व्यवसाय एकमेकांपासून कसे वेगळे आहेत, त्यांना एकमेकांची गरज का असते आणि त्यांतून निवड कशी करावी, हे लेखकाने सोप्या भाषेत सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो,

दहावीचे वर्ष सुरू झाले, की घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, "पुढे काय करणार?" मामू विचारतात, खाला विचारतात, शेजारचे चाचाही विचारतात. तुमच्यापैकी कोणी म्हणतो, "इंजिनिअर." कोणी म्हणते, "शिक्षिका." एखादी मुलगी मात्र म्हणते, "मला मनाचा डॉक्टर व्हायचे आहे." हे उत्तर ऐकून पाहुणे क्षणभर गप्प होतात. मग कोणीतरी हसून म्हणते, "म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?"

त्या हसण्याकडे लक्ष देऊ नका. उत्तर चांगले आहे. फक्त ते अपुरे आहे. कारण मनावर उपचार करणारे तज्ज्ञ मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसशास्त्रज्ञ. दोघांचे ध्येय एकच असते, पण तेथे पोहोचण्याचे रस्ते वेगळे असतात. आणि हे रस्ते फार लवकर, दहावीच्या निकालानंतरच वेगळे होऊ लागतात. म्हणून हा फरक तुम्हांला आजच कळला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा एक चुलतभाऊ आहे. वय एकोणीस वर्षे. कॉलेजात हुशार म्हणून त्याचे नाव आहे. गेल्या तीन महिन्यांपासून तो रात्र रात्र झोपत नाही. जेवणावर त्याची वासना नाही. तो एकटाच पुटपुटतो. कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्या विरुद्ध कट करत आहेत, असे तो शपथेवर सांगतो. घरचे लोक घाबरून जातात. कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, सावली पडली. कोणी सुचवते, "याला बांधून ठेवा, म्हणजे कोठे पळून जाणार नाही."

अशा सल्ल्याचा परिणाम किती भयंकर होतो, हे आपल्या देशाने पाहिले आहे. तमिळनाडूत एरवाडी नावाचे गाव आहे. तेथील दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्यासाठी काही खाजगी निवास चालत असत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एका निवासाला आग लागली. रुग्णांना साखळीने बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

मग घरच्यांनी दुआ मागू नये का? जरूर मागावी. पण दुआबरोबर दवाही हवी. गुजरातमधील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे २००८ साली 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्यात आलेल्या रुग्णाला तेथील खादिम स्वतः डॉक्टरांकडे पाठवू लागले. मनालाही आजार होतो, ही गोष्ट काही नवीन नाही. हजार वर्षांपेक्षा अधिक काळापूर्वी अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याविषयी ग्रंथ लिहिला होता. शरीराप्रमाणे मनही आजारी पडते आणि त्यावर उपाय करता येतो, हे त्याला ठाऊक होते.

आता तुमच्या चुलतभावाकडे परत येऊ. घरचे त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जातात. तेथे त्याला प्रथम मानसोपचारतज्ज्ञ तपासतात. ते आधी डॉक्टर आहेत आणि मग मनाचे डॉक्टर. म्हणून ते त्याच्या घरच्यांना अनेक प्रश्न विचारतात. डोक्याला कधी मार लागला होता का? ताप आला होता का? तो गांजा किंवा दुसरी कोणती नशा करतो का? घराण्यात असा आजार कोणाला झाला होता का? ते त्याची नाडी व रक्तदाब पाहतात. गरज वाटल्यास रक्त तपासायला पाठवतात. कारण शरीराच्या आजारानेही मन बिघडते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम मंद झाले, तरी माणूस उदास व सुस्त होतो. अशा रुग्णाला नुसता उपदेश करून काय उपयोग?

तपासणीनंतर डॉक्टर निदान करतात आणि औषध लिहून देतात. औषध देणे वाटते तितके सोपे नाही. अशा औषधांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. कोणाला झोप फार येते, कोणाचे वजन वाढते, कोणाचे हात थरथरतात. तेव्हा मात्रा कमी करावी, वाढवावी की औषध बदलावे, हे डॉक्टरांनाच ठरवावे लागते. रुग्णाला दाखल करून घ्यायचे की घरी पाठवायचे, हा निर्णयही त्यांचाच. मध्यरात्री रुग्ण बेफाम झाला, तर धावून जावे लागते तेही त्यांनाच.

दीड-दोन महिन्यांनी भाऊ शांत झोपू लागतो. आवाज येणे कमी होते. येथे दवेने आपले काम केले. पण काम संपले का? नाही. त्याचे कॉलेज बुडाले आहे. मित्र दूर गेले आहेत. "मी पुन्हा चांगला होईन का?" हा प्रश्न त्याला रात्रंदिवस छळतो. घरी अब्बा म्हणतात, "आळशी झाला आहे." अम्मी कोपऱ्यात बसून रडतात. येथून मानसशास्त्रज्ञाचे काम सुरू होते.

मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. त्याच्याजवळ दुसरी साधने असतात. तो रुग्णाच्या चाचण्या घेतो. स्मरणशक्ती, एकाग्रता, बुद्धी आणि स्वभाव यांची माहिती त्यांतून मिळते. तो रुग्णाशी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने बोलतो. या बोलण्याला गप्पा समजू नका. ते शास्त्र आहे. मनात येणारा विचार खरा की खोटा, तो कसा तपासावा, भीतीला थोडे थोडे कसे सामोरे जावे, हे तो रुग्णाला शिकवतो. घरच्यांनाही तो जवळ बसवून समजावतो, की हा आळस नाही, हा आजार आहे. टोमणे मारले तर आजार बळावतो.

कधी कधी तर रुग्णाला मुख्यतः मानसशास्त्रज्ञाचीच गरज असते. समजा, तुमच्या वर्गातील एक मुलगी तोंडी उत्तरे भराभर देते. पण वाचताना अक्षरे उलटसुलट करते. शिक्षक तिला निष्काळजी म्हणतात. मानसशास्त्रज्ञ तिच्या चाचण्या घेतो आणि सांगतो, की हिची बुद्धी उत्तम आहे. हिला वाचनाची विशेष अडचण आहे. मग शिकवण्याची पद्धत बदलते आणि परीक्षेत तिला सवलतही मिळू शकते. एका चाचणीने त्या मुलीच्या कपाळावरचा 'ढ' हा शिक्का पुसला जातो. बुद्धी मोजण्याची पहिली उपयुक्त चाचणी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली तयार केली. तिच्या आधारे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वीच मराठी आणि कन्नड मुलांसाठी चाचणी बनवली. ती 'बिने-कामत चाचणी' या नावाने ओळखली जाते.

आता या दोघांचे शिक्षण पाहू.

मानसोपचारतज्ज्ञ होण्यासाठी अकरावीला विज्ञान शाखा घ्यावी लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय हवेत. बारावीनंतर 'नीट' ही प्रवेश परीक्षा असते. तीत चांगले गुण मिळाले, तर एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळतो. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम, अशी साडेपाच वर्षे लागतात. त्यानंतर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि मानसोपचार या विषयात तीन वर्षांचे एम.डी. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षे.

मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी विज्ञान शाखेची सक्ती नाही. कला शाखेतूनही जाता येते. मानसशास्त्र घेऊन बी.ए. करावे, नंतर दोन वर्षांचे एम.ए. करावे. एम.ए. नंतर शाळेत समुपदेशक, कारखान्यात कर्मचाऱ्यांच्या निवडीचे काम, संशोधन असे मार्ग मोकळे होतात. महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर आणखी एक पात्रता परीक्षा द्यावी लागते. पण रुग्णालयात आजारी माणसांवर उपचार करायचे असतील, तर चिकित्सा-मानसशास्त्राचे खास प्रशिक्षण घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. अनेक वर्षे त्यासाठी दोन वर्षांचे एम.फिल. करण्याची पद्धत होती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हे अभ्यासक्रम आता बदलत आहेत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे ना, याची खात्री करून घ्या. जाहिरात पाहून पैसे भरू नका. सहा महिन्यांच्या शिकवणीने कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही.

येथे एक गंमत लक्षात ठेवा. मानसशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाच्या नावापुढेही 'डॉ.' असते. म्हणून पाटीवरचे 'डॉ.' पाहून कोण औषध देणारा आणि कोण न देणारा, हे कळत नाही. नावापुढचे नव्हे, नावामागचे वाचावे!

तुम्ही विचाराल, "या दोघांत मोठा कोण?" या प्रश्नाचे उत्तर पुण्यात मिळते.

१९८० नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात 'गर्द' नावाच्या विषारी नशेने कितीतरी तरुणांना वेढले होते. लेखक अनिल अवचट यांनी या विषयावर लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, ज्यांना सुनंदा या नावानेही ओळखतात, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने त्या रुग्णालयाच्या आवारातच २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. नशा बंद केली, की रुग्णाचे अंग दुखते, हातपाय थरथरतात, झोप उडते. तेव्हा डॉक्टर व औषध लागतातच. पण शरीर सावरले, तरी मन पुन्हा नशेकडे ओढ घेते. म्हणून तेथे रुग्णांशी बोलणे, त्यांच्या बायको-मुलांना आणि आईवडिलांना धीर देणे, रुग्णांनी एकमेकांना मदत करणे, यांना फार महत्त्व दिले गेले. नशेतून बाहेर आलेली माणसेच पुढे तेथे दुसऱ्यांचे समुपदेशन करू लागली.

डॉ. अनिता अवचट १९९७ साली वारल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे मुक्तांगणचे काम सांभाळले. पाहा, आई मानसोपचारतज्ज्ञ आणि मुलगी मानसशास्त्रज्ञ! काम एकच. आईचा रस्ता मोठा आणि मुलीचा लहान, असे कोण म्हणेल?

काही माणसे तर दोन्ही रस्त्यांनी चालली. कोलकात्याचे गिरींद्रशेखर बोस आधी डॉक्टर झाले. रुग्ण तपासता तपासता त्यांना मनाविषयी कुतूहल वाटू लागले. मग ते पुन्हा विद्यार्थी झाले. कोलकाता विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२१ साली त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली. शिकण्यासाठी पुन्हा बाकावर बसायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

मित्रांनो, निवड करताना "कोणत्या कामाला मान जास्त?" असे विचारू नका. "कोणते काम मला रोज, वर्षानुवर्षे करायला आवडेल?" असे विचारा. त्यासाठी काही प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारून पाहा.

पहिला प्रश्न. तुम्हांला शरीरशास्त्र आवडते का? एम.बी.बी.एस.च्या साडेपाच वर्षांत हाडे, हृदय, डोळे, बाळंतपण, शस्त्रक्रिया असे सगळे शिकावे लागते. मृतदेहाचे विच्छेदन करावे लागते. मनाच्या आजारांना त्यात फार थोडा वेळ मिळतो. ज्याला फक्त मनातच रस आहे आणि रक्त पाहून चक्कर येते, त्याने नीट विचार करावा. आणखी असे, की डॉक्टर झाल्यावरही मानसोपचाराचीच जागा मिळेल, याची हमी नसते. तेव्हा "ती जागा मिळाली नाही, तरी मला साधा डॉक्टर व्हायला आवडेल का?" हेही स्वतःला विचारा.

दुसरा प्रश्न. तुम्हांला आकडे आणि वाचन यांचा कंटाळा आहे का? मानसशास्त्र म्हणजे नुसते बोलणे, असा अनेकांचा समज असतो. बी.ए.ला गेल्यावर समोर संख्याशास्त्र येते, प्रयोग येतात, जाडजूड इंग्रजी पुस्तके येतात आणि तो समज दूर होतो. नुसत्या बी.ए. वर या क्षेत्रात चांगले काम सहसा मिळत नाही. पुढे शिकावेच लागते. चिकित्सा-मानसशास्त्राच्या जागाही थोड्या असतात.

तिसरा प्रश्न. घरची परिस्थिती कशी आहे? खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांचा खर्च मोठा असतो. सरकारी महाविद्यालयांचा त्या मानाने बराच कमी. शिष्यवृत्तीची चौकशी आधीच करा. साडेआठ वर्षे घराला तुमच्या कमाईची वाट पाहता येईल का, हे अब्बा-अम्मींसमोर बसून बोला. अशा गोष्टी बोलण्यात लाज नाही. न बोलता मध्येच शिक्षण सोडावे लागले, तर मात्र दुःख होते.

चौथा प्रश्न. तुम्हांला ऐकता येते का? कान सर्वांना असतात; ऐकणे थोड्यांनाच जमते. रुग्ण तीच गोष्ट दहा वेळा सांगतो. कधी चिडतो, कधी रडतो, कधी खोटे बोलतो. त्याचे सर्व ऐकून घ्यावे लागते. आणि ऐकलेले पोटात ठेवावे लागते. रुग्णाने सांगितलेली गोष्ट म्हणजे अमानत. ती मित्राला सांगायची नाही, घरी सांगायची नाही. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्याने या दोन्ही वाटांना जाऊ नये.

आता एक व्यवहाराची गोष्ट. काही जण म्हणतील, "विज्ञान शाखा घेतली, की दोन्ही दरवाजे उघडे राहतात. मग तीच घेऊ." हे खरे आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला पुढे मानसशास्त्राकडे वळता येते. कला शाखेतून वैद्यकीय शिक्षणाकडे वळणे मात्र फार अवघड असते. पण दरवाजा उघडा ठेवण्यासाठीही किंमत द्यावी लागते. ज्याला भौतिकशास्त्र अजिबात झेपत नाही, त्याने केवळ लोकांच्या सांगण्यावरून विज्ञान घेतले आणि बारावीत नापास झाला, तर त्याला दोन्ही दरवाजांबाहेर थांबावे लागते. अशा विद्यार्थ्याने कला शाखेत मानसशास्त्र घेऊन आनंदाने व वरच्या गुणांनी पुढे जावे. आणि ज्याला जीवशास्त्राची मनापासून आवड आहे, त्याने "एवढी वर्षे कोण शिकणार?" या भीतीने मागे फिरू नये.

तुमच्याजवळ एक शिदोरी आहे, ती विसरू नका. ती म्हणजे तुमच्या भाषा. शरीराचा आजार यंत्रावर दिसतो. मनाचा आजार मुख्यतः बोलण्यातून कळतो. आणि माणूस आपले दुःख आपल्याच भाषेत सांगतो. खेड्यातील मावशी डॉक्टरांना 'नैराश्य' असा शब्द सांगत नाही. ती म्हणते, "जिवाला चैन पडत नाही." "काळजात धस्स होतं." "कशातच मन लागत नाही." तुमच्या मोहल्ल्यातील खाला म्हणते, "दिल घबराता है." ज्याला या दोन्ही बायकांचे बोलणे आतून समजते, तो चांगले निदान करू शकतो. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. ही भाषा परीक्षेत गुण मिळवण्यापुरतीच आहे, असे समजू नका. उद्या कोणाचे तरी दुःख तिच्यातून तुमच्याकडे येणार आहे.

आपल्या देशात या दोन्ही प्रकारच्या तज्ज्ञांची फार कमतरता आहे. २०१५-१६ साली बंगळूरच्या 'निमहान्स' या राष्ट्रीय संस्थेने देशातील बारा राज्यांत पाहणी केली. शंभर प्रौढ माणसांपैकी दहा-अकरा जणांना मनाचा कोणता ना कोणता आजार असल्याचे तीत दिसून आले. त्यांपैकी बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. पण प्रत्येक रुग्णाला तेथपर्यंत जाता येत नाही. म्हणून तालुक्यात, वस्तीत, शाळेत काम करणारी माणसे हवी आहेत. आपले दुःख पुरुष डॉक्टरांना सांगायला संकोचणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत. त्यांच्यासाठी मुलींनी या क्षेत्रात येण्याची विशेष गरज आहे.

निवड करायला अजून थोडा वेळ आहे. तोपर्यंत एवढे करा. आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग कोठे आहे, ते पाहून या. शिक्षकांच्या मदतीने एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला आणि एखाद्या मानसशास्त्रज्ञाला भेटा. त्यांचा एक दिवस कसा जातो, ते विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या किंवा घरातील कोणाच्या मनावर फार ओझे असेल, तर ते लपवू नका. मोठ्या माणसांना सांगा. १४४१६ हा 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. दुसऱ्याचे मन सांभाळायचे, तर आधी आपले मन सांभाळले पाहिजे.

तुमचा तो चुलतभाऊ आठवतो ना? वर्षभराने तो पुन्हा कॉलेजात जाऊ लागतो. रोज रात्री आठवणीने गोळी घेतो. महिन्यातून एकदा मानसशास्त्रज्ञाला भेटतो. अब्बा त्याला आता आळशी म्हणत नाहीत. त्याला कोणी बरे केले? दवेने की दिलाशाने? त्यालाच विचारा. तो सांगेल, "दवेने मला झोप दिली आणि दिलाशाने मला सकाळी उठायला शिकवले."

या दोहोंपैकी काय द्यायचे, हे तुम्ही ठरवा. पुढच्या वेळी मामूंनी विचारले, "पुढे काय करणार?" तर "मनाचा डॉक्टर" एवढेच सांगून थांबू नका. कोणता, तेही सांगा आणि का, तेही सांगा.

शब्दार्थ

मानसोपचारतज्ज्ञ – मनाच्या आजारांवर औषधोपचार करणारा डॉक्टर
मानसशास्त्रज्ञ – मनाचा व वागण्याचा शास्त्रीय अभ्यास करणारा, माहिरे नफ्सियात
समुपदेशक – अडचणीत योग्य सल्ला व धीर देणारा प्रशिक्षित माणूस
निदान – आजार ओळखणे, तश्खीस
मात्रा – औषधाचे प्रमाण
दिलासा – धीर, तसल्ली
वासना – (येथे) खाण्याची इच्छा
बेफाम – अनावर झालेला
विच्छेदन – कापून तपासणे
सक्ती – बळजबरी, अनिवार्यता
हमी – खात्री, जामिनकी
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे. (येथे) जवळची पुंजी

वाक्प्रचार

मृत्युमुखी पडणे – मरण पावणे
सामोरे जाणे – धैर्याने तोंड देणे
पोटात ठेवणे – गुप्त ठेवणे
काळजात धस्स होणे – एकदम भीती वाटणे
चैन न पडणे – अस्वस्थ वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एरवाडीच्या आगीत रुग्णांना पळता का आले नाही?
(आ) उनावा येथील उपक्रमाचे नाव काय?
(इ) 'मुक्तांगण' केव्हा सुरू झाले?
(ई) चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला कोणाकडे नोंदणी करावी लागते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या घरच्यांना कोणते प्रश्न विचारतात? का विचारतात?
(आ) वाचनाची अडचण असलेल्या मुलीला मानसशास्त्रज्ञाची मदत कशी होते?
(इ) 'दरवाजा उघडा ठेवण्यासाठीही किंमत द्यावी लागते,' असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. 'मानसोपचारतज्ज्ञ' आणि 'मानसशास्त्रज्ञ' असे दोन रकाने करा. शिक्षण, लागणारी वर्षे, कामाची साधने आणि कामाचे ठिकाण या मुद्द्यांवर दोघांतील फरक लिहा.

प्र. ४. कोण म्हणेल, ते लिहा.
(अ) "याला बांधून ठेवा."
(आ) "हा आळस नाही, हा आजार आहे."
(इ) "दवेने मला झोप दिली."

प्र. ५. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा. (उदा. दवा)

प्र. ७. वचन बदला : गोळी, रस्ता, चाचणी, दरवाजा, रुग्णालय.

उपक्रम : दहावीनंतर तुम्ही कोणती शाखा घेणार व का, याविषयी आपल्या मामूंना किंवा खालाला दहा ओळींचे मराठी पत्र लिहा.